कॅफे रेसरची बैठक : घरच्या घरी, पण घाईने नव्हे

खाली झुकलेले हँडल, लांबट टाकी, तिच्यामागे एकाच माणसापुरती सपाट बैठक आणि बैठकीच्या टोकाला गोलसर उंचवटा. ‘कॅफे रेसर’ म्हणून ओळखली जाणारी मोटारसायकल दुरूनही चटकन नजरेत भरते. यांपैकी हँडल बाजारात तयार मिळते आणि टाकी बहुधा मूळचीच ठेवली जाते. गाडीचे रूप खऱ्या अर्थाने पालटते ते बैठकीमुळे. साहजिकच जुनी गाडी नव्याने सजवू पाहणारी हौशी मंडळी पहिला हात घालतात तो बैठकीलाच.

हे काम घरी होण्याजोगे आहे. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. लागतात ती चिकाटी, मोकळी हवा आणि दोन-तीन आठवड्यांची सवड. मात्र बहुतेकांचे लक्ष अखेरच्या चकाकीकडे असते. घरी केलेली बैठक बिघडते ती रंगात नव्हे, तर रंगाच्या खाली. तळ लवतो, बोल्टाभोवती तडे जातात, पुसायचे राहून गेलेले मेण रंगातून वर येते. जे दिसत नाही तेच बैठक टिकवते, हे सूत्र ध्यानात ठेवले तर पुढील प्रत्येक पायरीचा अर्थ आपोआप उलगडतो.

शर्यतीतून रस्त्यावर

या बैठकीचा जन्म शर्यतीच्या मैदानावर झाला. मँक्स नॉर्टनसारख्या ब्रिटिश शर्यतीच्या गाड्यांवर स्वार टाकीवर जवळजवळ आडवा होऊन बसत असे. गाडीने अचानक वेग घेतला की शरीर मागे सरकते. ते अडवण्यासाठी बैठकीच्या टोकाला उंचवटा ठेवला जाई. आज जो शोभेचा वाटतो तो मुळात टेकू होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील तरुणांनी ही धाटणी रस्त्यावर आणली. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील ‘एस कॅफे’ हा त्यांचा प्रसिद्ध अड्डा. १९३८ साली सुरू झालेले हे उपाहारगृह महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, १९४९ मध्ये पुन्हा उभे राहिले, १९६९ मध्ये बंद पडले आणि २००१ मध्ये नव्याने सुरू झाले. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर, हा वेग गाठणे ही त्या पिढीची महत्त्वाकांक्षा होती. नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून तयार केलेली ‘ट्रायटन’ ही त्या काळाची खूण. ती कोणत्याही कारखान्याच्या यादीत नव्हती. गॅरेजांतून आणि घरामागच्या शेडमधून ती घडत होती. घरी बैठक बनवणे हा त्यामुळे कॅफे रेसरचा मूळ स्वभावच म्हणावा लागेल.

भारताशी या परंपरेचा दुवा रॉयल एन्फिल्डमुळे जुळतो. इंग्लंडमधील या कंपनीने १९६०च्या दशकाच्या मध्यास ‘कॉन्टिनेन्टल जीटी’ ही २५० सीसीची कारखान्यातूनच कॅफे रेसर म्हणून बाहेर पडणारी गाडी आणली. पुढे हेच नाव चेन्नईच्या रॉयल एन्फिल्डने २०१३ मध्ये ५३५ सीसीच्या आणि २०१८ मध्ये ६५० सीसीच्या गाडीला दिले.

करवत उचलण्यापूर्वी

कॅफे रेसरची बैठक आखूड असते, त्यामुळे मागे उरलेला सांगाडा कापून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. शॉकॲब्सॉर्बर ज्या ठिकाणी जोडलेले असतात त्याच्या आसपासचा सांगाडा चाकाचे सर्व धक्के झेलतो. तेथील आडवी नळी कापली की दोन्ही बाजू एकमेकींपासून सुट्या पडतात आणि ताण वेल्डिंगच्या सांध्यावर येतो. हे काम घरगुती नाही. मूळच्या बोल्टांवरच बसेल आणि पान्याने दहा मिनिटांत निघेल अशी बैठक बनवणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. नोंदणी प्रमाणपत्रात आसनक्षमताही नमूद असते. दोघांची गाडी एकाची करणे ही म्हणूनच केवळ हौसेची बाब उरत नाही. शिवाय मागे बसण्याची सोय असलेल्या गाडीला हाताची पकड, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात.

यावर व्यवहार्य तोड अशी : बैठक दोघांना पुरेल एवढ्या लांबीची ठेवावी आणि मागच्या अर्ध्या भागावर चार स्क्रूंनी निघणारे उंचवट्याचे झाकण बसवावे. पाय ठेवण्याच्या दांड्या, पकड, साडी गार्ड, मागचा दिवा आणि नंबरप्लेट यांना हात लावू नये. काम सुरू करण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि मूळ बैठक जपून ठेवावी. मागे फिरण्याची वाट मोकळी असणे केव्हाही चांगले.

मोजमापे : गाडीची आणि स्वाराचीही

मूळ बैठक काढल्यावर खालचा सांगाडा, बॅटरी, वायरिंग आणि हवा शुद्ध करणाऱ्या फिल्टरचा डबा उघडा पडतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो सांगाड्यावर ठेवावा आणि टाकीच्या मागच्या कडेपासून बोल्टांच्या छिद्रांपर्यंतची सर्व मापे त्यावर उतरवावीत. नमुना हवा तितक्या वेळा बदलता येतो. पुठ्ठा स्वस्त आहे.

यानंतर पाहायचे ते मागचे चाक. उभ्या गाडीत चाक आणि बैठकीचा तळ यांत भरपूर अंतर दिसते, पण खड्ड्यात चाक वर येते तेव्हा ते अंतर झपाट्याने घटते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे शॉकॲब्सॉर्बर सोडवावेत आणि ते पूर्ण दबल्यावर चाक जितके वर येईल तितके उचलून पाहावे. त्या स्थितीतही टायर आणि तळ यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर राहायला हवे. ही एक तपासणी टाळल्यामुळे टायरने तळ घासून निघाल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजात ऐकायला मिळतील.

तिसरे माप स्वाराचे. हँडल, बैठक आणि पाय ठेवण्याची जागा यांचा एक त्रिकोण होतो. उंचवटा फार पुढे आला तर गुडघे टाकीत रुततात. फार मागे गेला तर टेकू मिळत नाही आणि सारा भार मनगटांवर पडतो. टाकीच्या कडेपासून उंचवट्यापर्यंत ४० ते ४५ सेंटिमीटर हे सर्वसाधारण माप असले, तरी प्रत्यक्ष बसून ठरवलेले मापच खरे.

साचा

तळासाठी सांगाड्यालाच साचा करता येतो. बैठकीच्या जागी पातळ प्लायवूड किंवा जाड पुठ्ठा बसवून, त्यावर रुंद चिकटपट्टी आणि ॲल्युमिनियमची फॉइल सुरकुती न पडू देता लावावी. टाकी, इंजिन आणि वायरिंग प्लास्टिकने पूर्ण झाकावे, कारण रेझिनचा वाळलेला थेंब रंगासकटच निघतो.

उंचवट्याचा आकार फोममधून कोरतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकते. थर्माकोलच वापरायचे असेल तर ते ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने पूर्ण मढवावे किंवा इपॉक्सी रेझिन वापरावे. पॉलियुरेथेनचा कडक फोम हा अधिक सोपा पर्याय. मूर्तिकारांप्रमाणे शाडूतही आकार देता येतो, परंतु माती पूर्ण वाळवून तिच्यावर वॉर्निशचा थर द्यावा लागतो. ओलावा राहिला तर त्यावरचे रेझिन नीट घट्ट होत नाही. साचा तयार झाल्यावर त्यावर मेणाचे तीन-चार हात द्यावेत. प्रत्येक हात वाळू देऊन पुसावा. साच्यातून वस्तू सुटते ती या मेणामुळेच.

फायबरग्लासचा तळ

फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि तिला बांधून ठेवणारे रेझिन. हिशेब सोपा आहे. बैठक आणि उंचवटा मिळून पृष्ठभाग साधारण ०.३५ चौरस मीटर भरतो. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या चटईचे चार थर दिले तर सुमारे ६३० ग्रॅम चटई लागते. अशा चटईला तिच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन लागते, म्हणजे सुमारे १.४ किलो. एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. चार थरांची चार मिलिमीटर जाडी या कामाला पुरेशी आहे. तयार तळ सुमारे दोन किलोंचा होतो.

रेझिन घट्ट होते ते रासायनिक क्रियेने. आपल्याकडे बऱ्याचदा रेझिन, कोबाल्टचे जांभळट ॲक्सिलरेटर आणि पाण्यासारखे दिसणारे कॅटॅलिस्ट अशा तीन बाटल्या मिळतात. ॲक्सिलरेटर आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. तसे केल्यास पेट घेण्याचा, स्फोट होण्याचा धोका असतो. आधी ॲक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि लावण्याच्या वेळी कॅटॅलिस्ट घालावे. त्याचे प्रमाण रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. २०० ग्रॅमला तीन ग्रॅम हे सरासरी माप झाले. एका वेळी एवढेच मिश्रण करावे. मोठ्या भांड्यात साठलेले मिश्रण स्वतःच तापते आणि धुमसू लागते. कॅटॅलिस्टचा एक थेंबही डोळ्यास कायमची इजा करू शकतो. चष्मा आणि हातमोजे म्हणूनच सक्तीचे. थेंब उडालाच तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

हे काम बंद सदनिकेत करू नये. गच्ची किंवा अंगण हवे, जवळ गॅसची शेगडी अथवा विडी-काडी नको आणि लहान मुले दूर असावीत. स्टायरीनचा उग्र वास शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो, तेव्हा त्यांनाही आधी कल्पना दिलेली बरी.

चटई कापण्याऐवजी हाताने फाडावी. फाटलेल्या कडांचे तंतू एकमेकांत मिसळतात आणि सांधा दिसत नाही. ब्रशने रेझिन पसरण्यापेक्षा ठोकत राहावे, म्हणजे हवा बाहेर पडते. पांढुरका ठिपका दिसला की तिथे हवा अडकली असे समजावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरांच्या मध्ये, बोल्ट येणार असतील तिथे, खरवडून घेतलेले दोन मिलिमीटर जाडीचे लोखंडी तुकडे घालावेत. केवळ फायबरग्लासला पाडलेले छिद्र धक्क्यांनी हळूहळू मोठे होत जाते. तळाची कड खाली दीड-दोन सेंटिमीटर वळवून घ्यावी. ताटाला उभी कड असते म्हणूनच ते भरलेले असताना एका हाताने उचलले तरी वाकत नाही. तळाचेही तसेच आहे. ८० किलोंचा स्वार खड्ड्यात आदळतो तेव्हा तळावर येणारा भार त्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, हे ध्यानात घेतले की या कडेचे मोल कळते.

किमान २४ तासांनी तळ साच्यातून काढावा आणि मग आठवडाभर उन्हात ठेवावा. आत उरलेले स्टायरीन या काळात निघून जाते. हा आठवडा वाचवला तर पुढे रंगाला फोड येतात आणि चटईची जाळी रंगातून उमटते.

रंगाआधीचा कागद

रंगकामाचा मोठा भाग म्हणजे पॉलिश पेपरचे काम. पण पेपर हाती घेण्याआधी बैठक साबणाच्या पाण्याने आणि मग मेण काढणाऱ्या द्रवाने पुसावी. हा क्रम उलटला तर पेपरच मेण ओरखड्यांत घुसवतो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. त्यावर नंतर उपाय नाही. सारे खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते.

प्रथम ८० नंबरच्या पेपरने उंच-सखलपणा काढावा. मग जुने रंगारी जिला ‘लांबी’ म्हणतात ती पुट्टी पातळ पात्याने दाबून भरावी. सुईच्या टोकाएवढी छिद्रे प्रायमरने बुजत नाहीत, ती पुट्टीनेच भरावी लागतात. पुढे १२०, १८०, २४० असे चढत जावे. पेपर लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्याला गुंडाळावा. नुसत्या बोटांनी घासल्यास बोटांच्या जागी नाल्या पडतात. काचेची धूळ त्वचेला खाजवते आणि फुफ्फुसाला घातक असते, म्हणून मुखपट्टी लावावी आणि शक्य तिथे पाणी घालून घासावे.

त्यावर प्रायमर. प्रायमर वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून ४०० नंबरच्या पेपरने पाण्यासह घासण्याची एक जुनी युक्ती आहे. खोलगट जागी काळे ठिपके उरतात आणि डोळ्यांना न दिसणारा दोष उघड होतो. शेवटी ६०० नंबरचा पेपर फिरवला की पृष्ठभाग रंगासाठी सिद्ध झाला.

रंग आणि हवा

रंगाचे यश हवेवर अवलंबून असते. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो; हवेत दमटपणा असेल तर त्यावर बाष्प जमते आणि रंगावर दुधाळ झाक येते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे काम काढूच नये. हिवाळ्यातील दिवस, ऊन वर आल्यावर आणि वारा सुटण्यापूर्वीची वेळ उत्तम. जमिनीवर पाणी शिंपडल्यास धूळ बसते.

फवाऱ्याचा डबा कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवून दोन मिनिटे हलवावा. २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून, हात बैठकीला समांतर ठेवून, फवारा बैठकीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर यावा. दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटे थांबावे. पहिला हात पारदर्शक, अपुराच दिसतो. तो तसाच असू द्यावा. पहिल्याच हातात झाकू गेल्यास रंग ओघळतो. टाकीशी रंग जुळवायचा असेल, विशेषतः चंदेरी छटेचा, तर दोन्ही वस्तू एकाच वेळी रंगवाव्यात. पट्टे काढताना लावलेली बारीक चिकटपट्टी रंग पुरता कडक होण्याआधीच, मागे दुमडत, सावकाश काढावी.

वरच्या पारदर्शक लेपाविषयी स्पष्ट बोलायला हवे. साध्या डब्यातील लेपावर पेट्रोल सांडले तर तो मऊ पडतो, आणि बैठक तर टाकीला खेटूनच असते. पेट्रोलला टिकतो तो दोन घटक मिसळून केलेला लेप. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि साधी मुखपट्टी त्यापासून वाचवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. म्हणून मूळ रंगापर्यंतचे काम घरी करावे आणि अखेरचा लेप रंगकामाची बंदिस्त खोली असलेल्या व्यावसायिकाकडून द्यावा. रंगाचा आणि लेपाचा मेळ बसतो की नाही, हे मात्र त्याला आधीच विचारून ठेवावे. नव्वद टक्के श्रम आपले झालेले असतात, त्यामुळे खर्चही आटोक्यात राहतो. लेप पुरता वाळल्यावर १५०० आणि २००० नंबरचा पेपर पाण्यासह फिरवून रबिंग कंपाउंडने चकाकी आणण्याचे काम पुन्हा घरी करता येते.

फोम, रेक्झीन आणि अखेरची बसवणी

बसण्याची गादी वेगळ्या पातळ तळावर करून रंगवलेल्या भागावर बसवावी, म्हणजे रंगाला धक्का लागत नाही. खाली २५ मिलिमीटर घट्ट फोम आणि वर १० ते १२ मिलिमीटर मऊ फोम अशी रचना ठेवावी. नुसता मऊ फोम दुकानात सुखद वाटतो, पण पंधरा मिनिटांच्या प्रवासात दबून सपाट होतो. खालचा फोम बंद छिद्रांचा असावा. रेक्झीनच्या शिवणीतून पाणी झिरपतेच आणि साधा फोम ते स्पंजासारखे धरून ठेवतो. शिवण घरच्या यंत्रावर जमेलच असे नाही. पुठ्ठ्याचा नमुना घेऊन सीट कव्हरच्या कारागिराकडे गेल्यास त्याचा अनुभवी हात अधिक उपयोगी पडतो. रेक्झीन थोडा वेळ उन्हात ठेवून ताणावे, म्हणजे सुरकुत्या राहत नाहीत.

सांगाडा आणि तळ यांच्यामध्ये रबराच्या गाद्या, बोल्टांना रुंद वॉशर आणि कंपनाने न सुटणारे नायलॉनचे नट वापरावेत. उंचवट्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी एक छोटे छिद्र ठेवावे. वायर कुठे चेपत नाही ना, सायलेन्सरची धग तळापर्यंत येत नाही ना, हे पाहावे. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत आणि बैठक एकदा काढून तळाची खालची बाजू निरखावी. टायर घासल्याची खूण, बोल्टाभोवती केसाएवढी चीर, पांढुरका झालेला भाग यांपैकी काही आढळले तर गाडी थांबवून आधी ती दुरुस्ती करावी. चौकात उभ्या गाडीकडे माना वळतील त्या वरच्या रंगामुळे. तिच्यावर बसणाऱ्याने मात्र अधूनमधून बैठक उचलून खाली नजर टाकण्याची सवय ठेवावी.